रात्रीची लाईट आणि उसातला गवा : पाणी कसं पाजायचं?

भोगावतीकाठ
राधानगरी तालुक्यात नदीकडेला आमचा ऊस आहे. यंदा खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेल्या पिकात, गवे शिरायला लागलेत. वडील सांगायचे, गवा बघायचा तर दाजीपूरचं जंगल गाठायचं. आता पाणंदीतच त्यांचं शेण पडलेलं असतं. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळं मोटर चालू करायला बारानंतर जावं लागतं. काल बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले, जोरात फुसकारा ऐकू आला आणि मी बांधावरच थांबलो. घरचे म्हणतात फटाके वाजवा, शेजारी म्हणतात तारेत करंट सोडा. मला त्याला मारायचं नाही, पण पीक वाळवून चालणार नाही. गवे रात्रीचेच का येतात? आणि मी करू काय?

कागलकर
फटाक्यानं जातो, पण शेजारच्या रानात. दुसऱ्या रात्री परत तुमच्याकडं. आमच्याकडं हेच चाललंय.

रानवाट
दादा, करंटचा विचार आधी सोडा. कुंपणात थेट वीज सोडणं हा गुन्हा आहे, आणि पहाटे वैरणीला निघालेलं माणूसही त्यात जातं.

मी दाजीपूरच्या पायथ्याची. आमच्या घरात गवा हा शेजारी म्हणूनच वाढलेला, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. गवा मुळात रात्रीचा प्राणी नाही. जिथं माणसाचा त्रास नाही तिथं तो सकाळी आणि संध्याकाळी उघड्यावर चरतो. माणसाची वर्दळ वाढली की दिवसा दाट झाडीत बसतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. म्हणजे तुम्हाला चुकवण्यासाठीच त्यानं रात्र धरली. आणि आपल्या शेतकऱ्याला लाईटच्या पाळीनं नेमकं त्याच वेळी शिवारात नेऊन उभं केलं! मला यात सगळ्यात जास्त चीड येते ती याचीच. गवा आणि माणूस समोरासमोर येण्यातला निम्मा धोका हा वेळापत्रकाचा आहे.

तो खाली का उतरला, हेही बघा. 1958 साली गव्यासाठी दाजीपूर अभयारण्य झालं, 1985 मध्ये ते वाढवून सुमारे 351 चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य केलं. पण गव्याला नकाशातली हद्द कळत नाही. त्याला गवत, पाणी आणि आडोसा लागतो. सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, उन्हाळ्यात वणवे लागतात, काही ठिकाणी बॉक्साइटसाठी माथे खणले गेले, आणि गवताच्या जागी रानमोडीचं तण माजलं, ज्याला जनावर तोंड लावत नाही. खाली मात्र मार्चएप्रिलमध्येही हिरवागार, पाणी पाजलेला, माणूस दिसणार नाही असा उंच ऊस. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्यांच्या काठानं हा ऊस पार कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीपर्यंत जवळजवळ सलग आहे. त्याच्या दृष्टीनं ती जंगलाचीच शेपटी.

मग उसाची तोड सुरू होते, आडोसा एका दिवसात जातो आणि तो बिचकून भलत्याच बाजूला निघतो. 2021 च्या डिसेंबरात गवा थेट कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आला, तेव्हा शहराजवळच्या शिवारात एका तरुणाचा जीव गेला. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात कोथरूडला आलेला गवा तर लोकांच्या पाठलागानं आणि पकडापकडीनं दमून मेला. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो. तो धावतो ते अंगावर यायला नव्हे, बहुतेकदा वाट मिळेना म्हणून. मोबाईल घेऊन गोल करून उभं राहणं बंद झालं तरी बरेच जीव वाचतील.

तुमच्यासाठी : एकटं जाऊ नका. लांबूनच बोलत, काठी आपटत जा, म्हणजे त्याला आधी कळतं. फुसकारा ऐकला की तोंड त्याच्याकडं ठेवून मागं सरा, पळू नका. एकटा नर असेल तर जास्तच अंतर ठेवा. गावात आला तर 1926 वर वनविभागाला कळवा. नुकसानीचा अर्ज त्याच दिवशी द्या, फोटोसकट, पंचनामा झाल्याशिवाय तोडणी करू नका.

आजरेकर
ताईंशी सहमत. आमच्याकडं हत्ती आणि गवे दोन्ही. सौर झटका मशीननं (यात तारेत थेट वीज नसते, क्षणभराचा, जीव न घेणारा झटका बसतो) फरक पडतो, पण तारेला टेकलेलं गवत कापत राहावं लागतं, नाहीतर झटका उतरतो. आणि एकट्यानं लावून उपयोग नाही, सगळ्या बांधकऱ्यांनी मिळून लावा.

भोगावतीकाठ
मनापासून आभार. बांधकऱ्यांना आजच बोलावतो. दिवसाच्या लाईटसाठी ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे, गव्याचं कारण लिहूनच. एक राहिलं : पुढच्या महिन्यात तोड आहे. फड कुठल्या बाजूनं धरायचा?

रानवाट
रस्त्याच्या आणि घरांच्या बाजूनं सुरुवात करा, नदीकडं सरकत जा. शेवटचा पट्टा जंगलाकडच्या वाटेला उघडा राहू दे, चारी बाजूंनी घेरत कापू नका. आणि तोडकरी टोळीला आदल्या दिवशी सांगा, त्यांची लहान पोरं फडातच झोपलेली असतात.