ओळीतल्या घरांत कोण राहत होते, याची यादी करावी का?

ओटीवरून :
बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लावून उभी असलेली चौदा घरे होती. त्यांतली पाच आज उरली आहेत आणि गेल्या महिन्यात त्या पाचांपैकी एकावर पाडकामाची हिरवी जाळी चढली. उरलेली घरे जाण्यापूर्वी प्रत्येक घरासाठी एक पान उघडावे आणि तिथे कोणती बिऱ्हाडे राहिली, घरातले कोण कुठे नोकरीला होते, ती माणसे पुढे कुठे गेली, हे आठवणारे लोक आहेत तोवर लिहून घ्यावे, असे मला वाटते.

मोठ्यांच्या घरांची चिंता नाही. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते, त्यांचे घर आपल्याच दांडिया बाजारात जपलेले आहे. १८४९ ते १८५४ या काळात दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा वाडा भिंतींवरच्या चित्रांमुळे पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात गेला आणि वाचला. हुजूर कचेरीतला कारकून, शिलेदाराची विधवा, कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकायला आलेला मुलगा यांच्या घरांवर मात्र कोणी पाटी लावणार नाही.

एकच गोष्ट सांगतो. आमच्या आणि शेजारच्या माजघरामधल्या सामाईक भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर एक लाकडी झडप होती. विरजण संपले की आई झडपेवर वाटीने टकटक करी आणि पलीकडून चमचाभर दही येई. पुढे दोन्ही घरांत पाण्यावरून भांडण झाले आणि ती झडप विटांनी बुजवली गेली. दर पावसाळ्यात भिंतीला ओल धरली की तिचा चौकोन अजून गिलाव्यावर उमटतो.

घरमालकाचा नातू :
काका, चौकोन उमटतो तो सुंदर वाटतो, कारण तो गिलावा दुरुस्त करण्याचा खर्च तुमच्या माथी नाही. आमच्या आजोबांच्या घरात चार भाडेकरू होते. बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९४७चा भाडेनियंत्रण कायदा आपल्याकडेही लागू झाला. त्यात प्रमाण भाडे, म्हणजे मालकाला घेता येईल ते कायदेशीर भाडे, ठरवायला १ सप्टेंबर १९४० या दिवशीचे भाडे धरत. मी कॉलेजात होतो तेव्हा पहिल्या माळ्यावरच्या दोन खोल्यांचे भाडे महिना अठरा रुपये येत होते, त्याच महिन्यात कडीपाटाची, म्हणजे लाकडी तक्तपोशीची, एक कुजलेली तुळई बदलायला आम्हाला आईच्या पाटल्या मोडाव्या लागल्या, आणि खालून भाडेकरू विचारत होते की ठोकाठोकी दुपारी का करता.

जे पुण्याला, मुंबईला किंवा अमेरिकेला गेले, त्यांना ओटा आठवतो. जे मागे राहिले, त्यांना छपराचे नळिये (कौले) आणि कोर्टाच्या तारखा आठवतात. यादी करून तुम्ही आमच्या पाडकामाला अडथळा आणणार असाल, तर माझा विरोध आहे. उद्या कोणीतरी त्याच यादीवरून हेरिटेजचा अर्ज करील आणि आम्ही विकूही शकणार नाही, दुरुस्तही करू शकणार नाही.

ओटीवरून :
पाडकामाला मी आडवा येत नाही, असे इथेच लिहून देतो. घर तुमचे आहे. नावे मात्र घराची नाहीत, ती माणसांची आहेत.

जिना नं. ३ :
मी १९८१ साली या ओळीत सून म्हणून आले. आपण ज्या पद्धतीने पाने करू पाहता त्यात 'कोण कुठे नोकरीला' हा रकाना आहे, आणि तिथेच माझे अडते. माझ्या सासूबाईंनी विद्यापीठातल्या मुलांसाठी वीस वर्षे घरीच खानावळ चालवली. एका वेळी बारा पाने उठत. स्वयंपाकघर दुसऱ्या माळ्यावर आणि पाणी तळमजल्यावर असल्यामुळे, उभ्या जिन्यात सोडलेला दोर एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने कळशी कमरेवर सांभाळत त्या दिवसातून किती वेळा चढत, ते कोणी मोजले नाही. रेशनकार्डावर त्यांच्यापुढे 'घरकाम' असे लिहिलेले होते. तुमच्या पानावरही तेच येणार असेल, तर ते पान न उघडलेले बरे.

आणि ओटीवर बसून गप्पा मारणाऱ्या बायका मी फार पाहिल्या नाहीत. ओटा पुरुषांचा होता. आम्ही झडपेवाल्या.

कामाठी बाग :
ताईंचा मुद्दा मी आणखी पुढे नेतो. राहणाऱ्यांची यादी करणार असाल, तर ज्यांना राहू दिले नाही त्यांचे काय? सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून १९१७ साली डॉ. आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा एवढ्या मोठ्या शहरात त्यांना एक खोली मिळाली नाही. ते ओळख लपवून एका पारशी पथिकाश्रमात राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून घालवून दिले. कामाठी बागेत काही तास काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. आपल्या ओळीतल्या घरांना मागच्या बाजूला एक अरुंद गल्ली आहे. तिथून टोपली घेऊन रोज येणाऱ्या माणसांची नावे आपल्यापैकी एकालाही ठाऊक नाहीत, माझ्या आजीलाही नव्हती. पुढच्या दारावरून केलेली यादी ही अर्ध्या घराचीच यादी ठरते.

राजमहाल रोड :
प्रत्येक ठिकाणी हा विषय आणायलाच हवा का? त्यांना घालवून देणारे पारशी होते, त्यात दांडिया बाजारच्या मराठी घरांचा काय दोष? आणि ज्या महाराजांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, त्यांच्या राजधानीला असे एका घटनेवरून तोलणे मला न्यायाचे वाटत नाही.

कामाठी बाग :
महाराजांना मी तोलत नाही. घरांना तोलतो. पथिकाश्रमातून निघावे लागणार असे दिसल्यावर आंबेडकरांनी आधी एका हिंदू आणि मग एका ख्रिस्ती मित्राला विचारले होते. हिंदू मित्राने सांगितले की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. हे आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. कायदा महाराज करू शकत होते, माजघराचे दार महाराज उघडू शकत नव्हते.

कडीपाट :
मी स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे आठवणींवर बोलत नाही. एक व्यवहाराची बाब मात्र कोणी मांडलेली नाही. ही घरे लाकडी खांब-तुळयांवर आणि सामाईक भिंतींवर उभी असतात, आणि अनेक ठिकाणी दोन्ही घरांच्या तुळयांची टोके एकाच भिंतीत रुतलेली असतात. मधले एक घर काढले की शेजारच्या भिंतीचा आधार जातो, तिच्यावर प्रथमच थेट पाऊस लागतो, विटांमधला माती-चुना विरघळू लागतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंत पोट काढते. मग त्या मालकालाही पाडण्यावाचून मार्ग राहत नाही. चौदांची पाच झाली ती नऊ वेगवेगळ्या निर्णयांनी नव्हे. पहिली दोन-तीन स्वेच्छेने गेली असतील, बाकीची त्यांच्या मागे ओढली गेली. तेव्हा नातू आणि काका दोघांनाही विनंती आहे की जाळी चढलेल्या घराच्या दोन्ही बाजूंना आधी टेकू लावून घ्या, भिंत उघडी पडताच तिला गिलावा करा, आणि शेजाऱ्याशी लेखी ठरवा. वाद नंतर घाला.

ओटीवरून :
टेकूचे मी आजच शेजारी बोललो. ताई, आपला आक्षेप मान्य आहे. 'नोकरी' हा रकाना काढून 'दिवसभर काय करीत' असा ठेवतो, आणि खानावळीचे पान आपणच लिहावे.

कामाठी बाग यांना मात्र माझ्याजवळ उत्तर नाही. मागच्या गल्लीतल्या एका बाईला आई वरून, हात न लागेल अशी, भाकरी टाकीत असे. हे मी सहा वर्षांचा असताना खिडकीतून पाहिले आहे. त्या बाईचे नाव विचारावे असे मला तेव्हा सुचले नाही आणि नंतरच्या साठ वर्षांतही सुचले नाही. ती भाकरी आमच्या घराच्या पानावर लिहिणार आहे. आईला ते आवडले नसते.

राजमहाल रोड :
मग आईच्या पश्चात ते लिहिण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

ओटीवरून :
कोणी नाही.

घरमालकाचा नातू :
टेकूचा खर्च अर्धा अर्धा होणार असेल तर मी तयार आहे, पण ते कागदावर हवे.

दुसरी गोष्ट, यादीला माझा विरोध अजून आहे. तरी चुकीची यादी होण्यापेक्षा बरोबर झालेली बरी, म्हणून सांगतो. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर तुम्हाला फक्त मालकांची नावे सापडतील, भाडेकरूंची नाहीत. आमच्याकडे आजोबांच्या हातची भाडेपावत्यांची पुस्तके आहेत, १९५२पासूनची. स्थळप्रतींवर प्रत्येक बिऱ्हाडाचे नाव, खोली आणि तारीख आहे, आणि 'बाईमाणूस एकटी, भाडे उशिरा चालेल' असे शेरेही आहेत. पुस्तके घराबाहेर नेऊ देणार नाही. रविवारी सकाळी दहानंतर येऊन मोबाइलवर फोटो काढा. अट एकच आहे. नावे उतरवून घ्याल तेव्हा समोरची थकबाकीही उतरवून घ्यायची. काका, तुमच्या वडिलांच्या नावापुढे १९७१चे तीन महिने अजून उघडे आहेत.