मदत हवी आहे: न्यूयॉर्कमध्ये मिडवाइफचं रेफरल विमा कंपनीला चालतं का?

बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी सुरू आहे. न्यूयॉर्क राज्यात रेफरलशिवाय (म्हणजे डॉक्टर वगैरेंच्या शिफारस-चिठ्ठीशिवाय) 10 भेटी किंवा 30 दिवस, जे आधी संपेल तोवरच उपचार घेता येतात. माझी मुदत आता संपत आलीये. कायद्यानुसार डॉक्टर, डेंटिस्ट, पोडियाट्रिस्ट (पायांचे डॉक्टर) आणि नर्स प्रॅक्टिशनर (जादा शिक्षण घेतलेली, उपचार करू शकणारी नर्स) यांच्याबरोबर परवानाधारक मिडवाइफही (प्रशिक्षित सुईण) रेफर करू शकते. माझ्या मिडवाइफने चिठ्ठी दिलीसुद्धा, आणि थेरपिस्टला ती मान्य आहे. अडलंय विमा कंपनीकडे. फोनवर एकजण म्हणतो चालेल, दुसरी म्हणते एमडीचीच सही हवी. लेखी कोणीच देत नाही (ते कधी देतात म्हणा!).

विमा नवऱ्याच्या ऑफिसचा आहे, मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) नाही. प्लॅन सेल्फ-फंडेड आहे (म्हणजे क्लेमचे पैसे ऑफिसच भरतं, विमा कंपनी फक्त कामकाज बघते), त्यामुळे राज्याचे विमा नियम त्याला सहसा लागू होत नाहीत, हे माहीत आहे. थेरपिस्ट प्लॅनच्या नेटवर्कमधलीच (करार असलेल्यांपैकी) आहे. गायनॅककडची तारीख पुढच्या महिन्यातली, तोवर खंड पडायला नको आणि खिशातून भरणं परवडणारं नाही.

अशा प्लॅनमध्ये मिडवाइफच्या रेफरलवर कुणाचा क्लेम मंजूर झालाय का? आणि लेखी उत्तर नेमकं कुणाकडून मिळवलंत, विमा कंपनीकडून की ऑफिसच्या एचआरकडून?