आयव्हीएफ 'अगदी शेवटी' करायचं, हे कुणी ठरवलं?

मोगरा

परवा मामेबहिणीचा फोन आला. वय ३६, लग्नाला चार वर्षं, चौथं आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडतात ते) नुकतंच फुकट गेलेलं. डॉक्टर म्हणतात, अजून दोन करून बघू. सासूबाई म्हणतात, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बाळ) काय, ते सगळं संपल्यावर करायचं असतं. मी म्हटलं, ती दोन करूच नकोस. त्यावरून आमचं फोनवर वाजलं, म्हणून हा धागा.

मी या वाटेने गेलेली आहे. ३३ ते ३७ या काळात सहा आययूआय. मधे दोनदा 'जरा ब्रेक घ्या', एकदा नणंदेचं लग्न, एकदा कोविड. आयव्हीएफला पोचले तोवर पहिल्या सायकलीत (उपचाराच्या एका फेरीत) पाच स्त्रीबीजं मिळाली. तीन सायकली केल्या, मूल झालं नाही, आता थांबलोय. सहानुभूती नको, मुद्दा वेगळा आहे. आयव्हीएफने बंद नळ्यांना वळसा घालता येतो, शुक्राणू कमी असतील तर इक्सीने एकेक शुक्राणू बीजात सोडता येतो. पण बीजाचं वय काही मागे नेता येत नाही. मग जे वयाबरोबर हातातून जातं त्यालाच रांगेत शेवटी का उभं करायचं?

सांगलीकर

ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, पण सहमत नाही. आमची गोष्ट नेमकी उलटी.

बायको २९ची, लग्नाला दीड वर्ष. एका केंद्रात गेलो. एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ०.९ आला आणि त्याच भेटीत पॅकेजचा कागद हातात. 'बीजं संपत चालली आहेत, उशीर करू नका.' माझी वीर्य तपासणी झालेली नव्हती. आणि मी तेव्हा पुण्यात नोकरीला, ती सांगलीत, शनिवार-रविवार तेवढा घरी. दीड वर्षातले आम्ही एकत्र होतो किती दिवस, हे कुणी विचारलंच नाही! दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. बदली मागून घेतली, थायरॉईडची गोळी सुरू झाली, सात महिन्यांत दिवस राहिले. भीती घालून घाई करणाऱ्यांच्या हातात तुमचा धागा आयतं कोलीत देतोय.

लॅबवाली

मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे आयव्हीएफच्या लॅबमध्ये गर्भ वाढवणारी, अकरा वर्षं. दोघांचंही अर्धं बरोबर.

सांगलीकर, एएमएचवरून इंजेक्शनं दिल्यावर साधारण किती बीजं मिळतील याचा अंदाज येतो. घरच्या घरी दिवस राहतील की नाही, हे तो सांगत नाही. नुसत्या त्या आकड्यावर २९ वर्षांच्या मुलीला आयव्हीएफ सुचवणं मलाही पटत नाही. तपासण्यांआधी 'वर्षभर प्रयत्न करा' म्हणतात, ते नियमित संबंधांचं वर्ष असतं, लग्नाच्या वाढदिवसापासून मोजायचं नसतं. ३५च्या पुढे सहा महिन्यांतच तपासण्या कराव्यात, चाळिशीत तर लगेच.

पण मोगरा, सरसकट 'आययूआय नको' हेही चूक. २०१८ साली न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात कारण न सापडलेल्या जोडप्यांपैकी गोळ्यांसह तीन आययूआय केलेल्यांत ३१ टक्क्यांना मूल झालं, नुसतं थांबलेल्यांत ९ टक्क्यांना. म्हणजे आययूआय अगदीच वाया नाही. मात्र तीन-चार झाल्यावर तेच रेटत राहण्यात फारसं हाती लागत नाही. ३८ ते ४२ वयाच्या बायकांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात थेट आयव्हीएफला गेलेल्यांना कमी सायकलींत दिवस राहिले.

आता जे मला रोज दिसतं ते. दोन्ही नळ्या बंद असताना केलेली आययूआय! आपल्याकडे गर्भाशयाचा आणि नळ्यांचा टीबी बराच सापडतो. कधी खोकला नाही, ताप नाही, आणि नळ्या मात्र खराब. एचएसजी (नळ्या मोकळ्या आहेत का ते बघणारा एक्स-रे) न करता आययूआय करणं म्हणजे पूल आहे का ते न बघता गाडी सोडणं. नळीत पाणी साठलेलं असेल तर आयव्हीएफच्याही आधी ती नळी काढावी किंवा बंद करावी लागते, नाहीतर चांगला एम्ब्रियोही (लॅबमध्ये वाढवलेला गर्भ) रुजायला त्रास होतो. शुक्राणू अगदीच कमी असतील तर वय २८ असलं तरी वाट बघण्यात अर्थ नाही. तेव्हा बहिणीला विचारा, चारपैकी एकाही आययूआयआधी नळ्या तपासल्या होत्या का?

विहीरकाका

लॅबवालीबाईंनी शास्त्र सांगितलं, मी खिशाचं सांगतो. पुतण्याने तीन सायकली केल्या, प्रत्येकी दोन लाखांच्या वर. तिसऱ्या वेळी सहा गुंठे विकले. निघाला काय तर एक गर्भपात. ब्रिटनमध्ये सरकारी नियामक संस्था दरवर्षी आकडे छापते. तिथेही ३५च्या आतल्या बाईला एका एम्ब्रियोमागे मूल होण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश, चाळिशी ओलांडली की दहा टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे फलकावर लिहितात '८० टक्के यश'. कशाचे टक्के, कुणी सांगत नाही. लवकर जा म्हणता, पण किती वेळा जायचं हे घरातून निघतानाच ठरवा. आणि दत्तकाचं नाव काढलं की लोकांची तोंडं वाकडी का होतात?

मोगरा

काका, तोंड वाकडं होतं ते आम्ही विचार केलाच नसेल असं गृहीत धरल्यामुळे. कारामध्ये (दत्तकासाठीची सरकारी संस्था) नाव घातलंय. आणि टक्केवारीबद्दल शंभर टक्के सहमत. 'पॉझिटिव्ह आली' आणि 'बाळ घरी आलं' यात किती अंतर असतं ते मला विचारा.

गोंयकार

पैशांवरून आठवलं. गोव्यात २०२३पासून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) आयव्हीएफ मोफत आहे. गंमत म्हणजे ऑगस्ट १९८६मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नातून भारतातलं शास्त्रीय नोंद असलेलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, ते मुंबईच्या केईएममध्ये. महापालिकेचं रुग्णालय! (कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी १९७८मध्येच केलं होतं, पण त्यांच्यावर तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. तो वेगळा धागा.) सरकारी दवाखान्यातून सुरू झालेली गोष्ट गुंठे विकण्यापर्यंत कशी आली, याचा राग यायला हवा.

सांगलीकर

मोगराताई, एक विचारतो, रागावू नका. ३३व्या वर्षीच आयव्हीएफ केलं असतं तर झालंच असतं, हे कशावरून?

मोगरा

कशावरूनच नाही. कदाचित तेव्हाही झालं नसतं. पण तेव्हा पाचाऐवजी दहा-बारा बीजं मिळण्याची संधी होती आणि ती काय असते हे मला कुणी सांगितलं नाही. तुम्हाला कुणी घाबरवलं, मला कुणी घाबरवलंच नाही. एवढाच फरक.

लॅबवाली, बहिणीला आत्ता विचारलं. एचएसजी झाली आहे, एक नळी मोकळी. पण भावोजींचा वीर्याचा रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा. चालेल का?

लॅबवाली

नाही, पुन्हा करा. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. नमुना घरून आणणार असाल तर तासाभरात लॅबला पोचवा, वाटेत शर्टाच्या आत, अंगालगत ठेवा. गेल्या तीन महिन्यांत डेंगी-मलेरियासारखा मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा, नाहीतर रिपोर्ट उगाच घाबरवेल.