उसाच्या बांधाजवळ मगरीची अंडी सापडली आहेत. ती हलवावीत का?

मळीकर (चिकोडी तालुका) | ९ एप्रिल

नमस्कार. आमची मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची, जमीन कृष्णेच्या अगदी काठाला आहे. मार्चच्या मध्यात एका पहाटे मोटार चालू करण्यासाठी खाली उतरलो, तेव्हा जॅकवेलपासून (नदीचे पाणी उपसण्याच्या विहिरीपासून) वीस-पंचवीस पावलांवर उंचवट्यावरची माती नुकतीच उकरून पुन्हा दाबल्यासारखी दिसली. पाण्यापासून तिथपर्यंत शेपटी ओढत गेल्याची एक रेघ होती आणि तिच्या दोन्ही अंगांना पंजांचे ठसे. परवा एका कुत्र्याने ती जागा कडेने उकरली आणि आत बदकाच्या अंड्यांपेक्षा थोडी मोठी, लांबट, पांढरी अंडी दिसली. आम्ही अंड्यांना हात न लावता फावड्याने माती सारून भोक बुजवले.

आता गावात दोन मते आहेत. काही जण म्हणतात की अंडी फोडून टाकावीत. काही जण म्हणतात की टोपलीत घालून लांबच्या एखाद्या धरणात नेऊन पुरावीत. जवळच बायका कपडे धुतात तो घाट आहे, त्यामुळे लोकांची भीती मला खोटी वाटत नाही. तरीही इतक्या जिवांचा निकाल घाईने लावावा असे मनाला पटत नाही. याबाबत शास्त्र काय सांगते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्राणिशास्त्र शिक्षक (बेळगाव) | ९ एप्रिल

आपण अंड्यांना हात लावला नाही, हे फार योग्य केले. फोडण्याचा विचार तर सोडूनच द्यावा, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहे आणि तिची अंडी नष्ट करणे किंवा उचलून नेणे हाही गुन्हा ठरतो. मात्र कायदा बाजूला ठेवला तरी टोपलीत घालून नेण्याचा उपाय का चुकीचा आहे, ते समजून घेण्यासारखे आहे.

कोंबडी आपली अंडी उबवताना वारंवार फिरवते. मगरीच्या अंड्याचे तसे नाही. अंडे घातल्यानंतर साधारण दिवसभरातच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. फलित अंड्यावर त्या जागी दुधाळ पांढरा ठिपका उमटतो आणि पुढे तो पट्ट्यासारखा अंड्याभोवती पसरत जातो. अशा अंड्याची वरची बाजू खाली झाली, तर गर्भ बहुधा मरतो. तज्ज्ञांना अंडी हलवावीच लागली, तर ते प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात आणि ती खूण वरच राहील अशा बेताने ते उचलतात. बैलगाडीच्या किंवा मोटारसायकलच्या धक्क्यांत टोपलीतली किती अंडी सरळ राहतील, याचा विचार आपणच करावा.

दुसरी गोष्ट मला स्वतःला आजही थक्क करते. मगरीत नर-मादी ठरवणारी गुणसूत्रे नसतात. पिल्लू नर होणार की मादी, हे अंडी उबण्याच्या मधल्या काळातील घरट्याच्या तापमानावर ठरते. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँक या मगरींच्या संवर्धन केंद्रात आपल्याच जातीच्या मगरीवर झालेले आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन असे सांगते की २८ ते ३१ अंश सेल्सिअसच्या स्थिर तापमानात सगळ्या माद्या निपजतात, ३२.५ अंशांना सगळे नर निपजतात आणि ३३ अंशांना पुन्हा दोन्ही मिळू लागतात. म्हणजे दीड अंशाचा फरक सगळी वीण बदलून टाकतो. मादीने उंचवटा, माती, सावली आणि खोली पाहून जी जागा निवडली, तिच्या जागी आपण नदीपासून दूर, उन्हातल्या मुरमात खड्डा खणला, तर काय निपजेल याचा भरवसा नाही.

कुडचीकाठ | १० एप्रिल

सरांचे म्हणणे मी आदराने वाचले. परंतु रोज नदीत पाय घालणाऱ्याची बाजूही मांडली पाहिजे. आमच्याकडे कोणी मगर म्हणते, कोणी सुसर म्हणते, कन्नड शेजारी मोसळे म्हणतात. नाव कोणतेही घेतले तरी अंगावर काटा येतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात रायबाग तालुक्यात एका घराच्या छपरावर मगर बसलेली साऱ्या देशाने पाहिली. पूर ओसरल्यावर ज्यांना पुन्हा त्याच काठावर उतरून मोटारी बसवाव्या लागल्या, त्यांची अवस्था कोणी विचारली नाही. अंडी राहू द्या, पण निदान ती मादी पकडून दांडेलीला काळी नदीत सोडता येणार नाही का? तिथे आधीच मगरी आहेत आणि पर्यटकही त्या पाहायला जातात.

नदी अभ्यासक (खानापूर) | १० एप्रिल

दादा, आपली भीती रास्त आहे आणि ती मांडली नाही तर संवर्धनाच्या चर्चेला अर्थ उरत नाही. तरीही मादी हलवण्याचा उपाय टिकत नाही, असा अनुभव आहे. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातील मगरींवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून त्या दूर सोडण्यात आल्या, तेव्हा त्यांतील एक मगर सुमारे वीस दिवसांत ४०० किलोमीटरहून अधिक अंतर किनाऱ्याकिनाऱ्याने पोहून मूळ जागी परतली. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ती जात वेगळी आहे, हे मान्य. पण परत येण्याची ओढ या साऱ्या कुळात दिसते. शिवाय जो डोह रिकामा होतो तो फार दिवस रिकामा राहत नाही, आणि ज्या नदीत आपण मगर सोडतो तिथल्या माणसांच्या वाट्याला अनोळखी, बिथरलेले जनावर येते.

आता मळीकरांच्या घरट्याविषयी. मादी बहुधा जवळच्याच पाण्यात आहे आणि घरट्याजवळ आलेल्यावर ती धावून येऊ शकते, म्हणून पुढचे काही आठवडे अंतर राखणे हाच खरा उपाय आहे. मोटारीचा स्टार्टर बांधावर वर घ्यावा किंवा मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवावा, म्हणजे पहाटे व तिन्हीसांजेला खाली उतरावे लागणार नाही. मगर काठावर जबडा उघडून पडलेली दिसते, तेव्हा ती बहुतेक वेळा अंगातील उष्णता कमी करत असते. खरे भय पाण्यातल्या, न दिसणाऱ्या मगरीचे असते. म्हणून घाटावर गुडघाभर पाण्यात उभे राहण्याऐवजी वर चौथरा करून पाणी उपसून घ्यावे. श्रीलंकेत नदीत आंघोळीच्या जागेभोवती मगरींना अडवणारे कुंपण घालतात; आपल्या घाटांवर लोखंडी जाळीचे तसे कुंपण मागण्याचा ठराव ग्रामपंचायतीने अवश्य करावा. धोक्याचे फलक कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असावेत, ही मागणीही त्यातच घालावी, कारण घाटावर दोन्ही भाषांची माणसे उतरतात.

एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. अंड्याच्या कवचाला सूक्ष्म छिद्रे असतात आणि आतला गर्भ त्यांतून श्वास घेतो. उसाला पाटाने दिलेले पाणी फुटून त्या उंचवट्यावर साचले, तर अंडी गुदमरतात. बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातल्यावर किंवा उन्हाळ्यात कोयना धरणातून पाणी सोडल्यावर नदी चढते, तेव्हाही हाच धोका असतो. नदीचे पाणी आपल्या हातात नाही, पण त्या कडेची सरी आपल्या हातात आहे. तिथे मातीचा छोटा आडवा बांध घाला, कुत्री बांधून ठेवा आणि वनखात्याला लेखी कळवा.

मळीकर (चिकोडी तालुका) | १० एप्रिल

दोघांचेही आभार. पाटाच्या पाण्याचा विचार आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. त्या बाजूच्या दोन सऱ्या आज बंद केल्या. अंडी उबायला किती दिवस लागतात?

प्राणिशास्त्र शिक्षक (बेळगाव) | ११ एप्रिल

साधारण ५५ ते ७५ दिवस; मार्चच्या मध्याची अंडी असतील, तर मेचा दुसरा पंधरवडा धरा. पिल्ले कवचाच्या आतूनच ओरडू लागतात. तो आवाज ऐकून मादी माती उकरते आणि पिल्ले जबड्यात घेऊन पाण्यात नेते. क्रोकोडाइल बँकेत तर नरानेही हे काम केल्याचे पाहिलेले आहे.

मळीकर (चिकोडी तालुका) | २८ मे

कळवायला उशीर झाला. २३ तारखेच्या रात्री बांधावरून बारीक, तुटक चिरकणे ऐकू आले. बॅटरीचा झोत लांबूनच टाकला, तेव्हा पाण्याच्या कडेला दोन तांबूस डोळे चमकले आणि आम्ही मागे फिरलो. सकाळी उंचवटा उकरलेला होता. आत कवचाचे तुकडे, चामड्यासारखी ओली पापुद्री आणि न फुटलेली पाच अंडी होती. दुपारपर्यंत त्यांतली तीन घोरपडीने नेली. समोरच्या लव्हाळ्यात वीतभर लांबीची पिल्ले एकमेकांच्या अंगावर चढून बसलेली दिसतात. मोजायला जवळ गेलो नाही, कारण मादी तिथेच असते.

घाटावरच्या जाळीचा ठराव ग्रामपंचायतीत मंजूर झाला आहे. जाळी लागेपर्यंत बायकांसाठी वरच्या चौथऱ्याला आमच्या मोटारीची एक तोटी जोडून दिली आहे.