माक्याचं तेल आठवड्यात आंबलं, काय चुकलं?

रानपाखरू: बांधावरचा माका आणून मिक्सरमधून वाटीभर रस काढला आणि पाव लिटर खोबरेलात पंधरा मिनिटं उकळला. आठवड्यात तेलाला आंबूस वास यायला लागला, तळाशी हिरवा गाळही बसलाय. फुलं वीतभर दांड्यावर, मधे पिवळी, कडेने पाच पांढऱ्या पाकळ्या. माकाच ना हा?

पाटाकाठी: नाही, ही एकदांडी. काही लोक दगडी पाला म्हणतात. खरचटल्यावर पानं चुरगाळून लावतात ती हीच, केसांच्या तेलाची नव्हे. माका ओलीत वाढतो: भातखाचर, पाटाची कड. फूल बटणाएवढं, पांढरं, आखूड देठाचं. पानं समोरासमोर, लांबट, खरखरीत. पान तळहातावर चोळा, थोड्याच वेळात हिरवा रस काळा पडला तर माका. गणपतीच्या पत्रीत येतो तोच. गटारकाठचा मात्र घेऊ नका, घाणीतलं सगळं ओढून घेतो.

कल्क: वनस्पती बरोबर असती तरी तेल आंबलंच असतं, कारण रसातलं पाणी आटलेलं नाही. जुनं प्रमाण असं: तेलाच्या चौपट रस, पाव भाग कल्क. म्हणजे 250 मिली तेलाला एक लिटर रस आणि साठेक ग्रॅम वाटलेला पाला. भांडं रुंद, जाड बुडाचं आणि अर्धं रिकामं ठेवा, फेस वर चढतो. आच मंद, उलथणं तळापर्यंत फिरतं ठेवा. चोथा बुडाला धरला की सगळ्या तेलाला करपट वास लागतो.

उतरवायचं कधी, ते घड्याळावर ठरत नाही. चोथ्याची बोटांत वात वळली पाहिजे आणि ती ज्योतीवर धरली तर तडतडता कामा नये. तडतडली म्हणजे पाणी आहे. चोथा कडक होऊन चुरचुरायला लागला तर उशीर झाला. कोमट असतानाच फडक्यातून गाळा, बाटली खडखडीत कोरडी हवी.

रानपाखरू: आता तेच तेल परत उकळून चालेल?

कल्क: नको, फेकून द्या. आंबूस वास उकळून जात नाही.

पाटाकाठी: आणि पिकलेले केस याने काळे होतील ही आशा ठेवू नका. टाळूला कोरडेपणा असेल तर मालिशीला चांगलं. पहिल्यांदा कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा. एकदांडी काय, माका काय, दोन्ही शेवंतीच्या कुळातल्या, काहींना खाज सुटते.