गायरानातल्या टेकडीवर सायकलची वाट काढायची आहे, आखणी कशी करावी?

पांझराकाठ: राम राम मंडळी. धुळे तालुक्यातल्या एका गावाच्या गायरानात साधारण ३ किमीची एमटीबी (माउंटन बाइक) ट्रेल काढायचं आमच्या क्लबचं ठरलंय. सरपंच अनुकूल आहेत. टेकडीच्या पायथ्याला काळी माती, वर मुरूम आणि धोंडे. मधल्या पट्ट्यात पाणलोटाच्या कामातले सलग समतल चर (पाणी अडवायला एकाच पातळीवर आडवे खोदलेले) आहेत. काम हातानेच, जेसीबी लावायचा नाही. सुरुवात कुठून करावी? चरांचं काय करायचं? आणि निम्मे गडी अजून ट्यूबवरच आहेत, पंक्चरवर काही इलाज?

मुरूमवाला: कुदळ उचलण्याआधी सातबारा बघा भाऊ. लोक गायरान म्हणून दाखवतात ती जमीन पुष्कळदा वनखात्याची निघते. तशी असेल तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक फावडंही मारू नका. गायरानच असेल तरी नुसत्या सरपंचांच्या ‘हो’वर जाऊ नका, ग्रामसभेचा ठराव घ्या, प्रत तहसीलला द्या. यावल किंवा गौताळा अभयारण्यात नवी वाट काढायचा तर विचारही नको.

आता आखणी. वाट चढाला सरळ भिडवू नका, टेकडीला आडवी न्या. टेकडीचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ कमी हवा आणि सरासरी १० टक्क्यांच्या आत. उतार २० टक्के असेल तर वाट १० पर्यंतच. त्याहून चढी केली की पाणी आडवं निघून न जाता वाटेनंच पळतं आणि दोन पावसाळ्यांत तिची घळ होते. मोजायला यंत्र विकत घेऊ नका. चर खोदलेल्या गावात बहुधा हायड्रोमार्कर (पाणी भरलेल्या नळीनं जोडलेल्या, आकडे लिहिलेल्या दोन काठ्या) असतो, तो मागून आणा. काठ्या ५ मीटरवर धरा. दोन्हीवरच्या आकड्यांत ३५ ते ४० सेंमी फरक आला की चढ ७-८ टक्के. तिथे चुन्याची खूण, पुढे चला.

रुंदी ६० ते ७५ सेंमी पुरे. ही सगळी रुंदी टेकडीत कापून काढा. निघालेली माती खालच्या कडेला टाकून तिच्यावर अर्धी वाट करायचा मोह होतो, पण ती भर पहिल्या पावसात बसते आणि कड ढासळते. वाटेला बाहेरच्या बाजूला थोडा कल द्या, ७५ सेंमीत जेमतेम ४ सेंमी. शिवाय दर १५-२० मीटरवर उतरती वाट दोन-तीन मीटर लांबीपुरती किंचित वर चढवून पुन्हा उतरवा. त्या खोलगट जागेतून पाणी बाहेर पडतं. एवढं एक नीट केलंत तर बाकीच्या चुका निभावतील.

हत्यारं: टिकाव, कुदळ, फावडं, घमेली, धोंड्यांसाठी दोन पहारी. काम दिवाळीच्या आसपास, जमिनीत ओल असताना. मार्चनंतर मुरमावर टिकाव नुसता उडतो. फक्त गवत कापणीच्या तारखा आधी विचारून घ्या.

कुसळी: वरचं सगळं मुरमाला लागू, काळ्या मातीला नाही. ती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेत पुढचं चाक अडकतं. पायथ्याला नवी वाट काढूच नका, असलेल्या गाडवाटेनं वर जा. पावसानंतर दोन-तीन दिवस तरी सायकल नको. चिखल मागच्या चाकात ठासला की चाक जाम होतं, साखळी ओढली जाते आणि डिरेलरचा (मागच्या गिअरचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, मोडतो. बहुतेक मॉडेलांचा हँगर वेगवेगळा, म्हणून आपापला एक सुटा बॅगेत ठेवा.

चरांबद्दल: चराच्या खालच्या मातीच्या बांधावरून वाट न्यायची नाही, कितीही सपाट दिसला तरी. चाकांनी तो दबला की जोराच्या पावसात तिथूनच फुटतो आणि खालचे चर एकामागून एक जातात. ओलांडायचाच असेल तर जिथे चर तुटतो, त्या मोकळ्या जागेतून. चर बुजवून तर मुळीच नको. लामकानीसारख्या गावांनी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळून कुरणं उभी केलीत; एक चर फुटला तर गाव तुम्हाला दुसऱ्यांदा उभं करणार नाही.

चाकवाला२९: पंक्चर तीन गोष्टींनी होतात: बाभूळ, बोर आणि सराटे. शेताच्या कुपाटीजवळून वाट नेऊ नका, तिथे छाटलेल्या फांद्या पडलेल्या असतात. चाकं ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेली) होण्यासारखी असतील तर तेच करा. २९ × २.३ इंची टायरला १०० ते १२० मिली लॅटेक्स सीलंट (बारीक भोकं आतून बुजवणारा द्रव). आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर आटतं, म्हणून मार्च ते जून दर सहा आठवड्यांनी व्हॉल्व्हमधून काडी घालून बघा. कोरडी निघाली तर ६० मिली भरा. ट्यूबवाल्यांनी व्हॉल्व्हचा आतला गाभा (कोअर) काढता येईल अशी ट्यूब घ्यावी, आत सीलंट भरता येतं. सराट्याचं बारीक भोक मिटतं; बाभळीचा काटा मात्र आत राहिला तर पुन्हा टोचतो, बोटानं चाचपून काढाच.

हवा: ७० किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये २४-२६ पीएसआय, ट्यूबमध्ये ३२-३५. ट्यूबमध्ये कमी ठेवलीत तर धोंड्यावर रिम आपटून शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, ती सीलंटनं मिटत नाहीत.

पांझराकाठ: चर दोन ठिकाणी तुटतात, पण वरच्या आणि खालच्या तोडीत सरळ रेषेत चढ १४ टक्के भरतोय.

मुरूमवाला: मग सरळ जोडू नका. दोन चरांमधल्या पट्ट्यात एक वळण बसवा. वळणाला निदान ३ मीटर त्रिज्या हवी, नाहीतर ब्रेक दाबून मागचं चाक घासत नेतात आणि तिथेच खड्डा पडतो. पट्टा तेवढा रुंद नसेल तर त्या तुकड्यात उतरून सायकल ढकला, चालतं.