रोझमेरीच्या कटिंग्ज थंडीत कशा जगवायच्या? (न्यू जर्सी)

ओलीमाती:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आम्ही एडिसनजवळ राहतो. शेजारी एक इटालियन आजी होत्या, त्यांच्या पायऱ्यांपाशी भिंतीला लागून रोझमेरीचं कमरेएवढं झुडूप होतं, येताजाता नुसता हात फिरवला तरी घरात येईपर्यंत बोटांना वास राहायचा. सप्टेंबरमध्ये त्या घर विकून मुलाकडे फ्लोरिडाला गेल्या. जायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, हव्या तेवढ्या फांद्या घेऊन जा, नवीन लोक झाड ठेवतील की नाही काय सांगावं. आणि तसंच झालं, महिन्याभरात ते उपटलं. त्यामुळे त्या झाडाचं जे काही उरलंय ते माझ्याकडेच आहे.

10 फांद्या आणल्या. 4 ग्लासात पाण्यात ठेवल्या होत्या त्या खालून काळ्या पडून सडल्या. 6 विकतच्या मातीत खोचल्या, त्यातल्या 2 वाळल्या. 4 हिरव्या आहेत पण दोन महिने होत आले तरी नवीन पान नाही, मुळं धरलीत का तेही कळत नाही. आता हीटर सुरू झालेत, कुंड्या खिडकीत आहेत, रोज थोडं थोडं पाणी घालते. आजींचं झाड तर बर्फातही बाहेरच असायचं, मग मीही बाहेर ठेवू का? या 4 गेल्या तर मला फार वाईट वाटेल.

खुरपं_आणि_मी:
ताई, सगळ्यात आधी ते रोजचं पाणी बंद करा, आजपासूनच. रोझमेरी थंडीने मरते त्यापेक्षा जास्त ओल्या मातीत थंडी मिळाली की मरते, मूळकूज होते. आणि हे झाड लवकर कळू देत नाही, मुळं खाली सडून गेलेली असतात तरी पानं कितीतरी दिवस हिरवीच दिसतात, आणि पानं वाळायला लागली की आपण अजून पाणी घालतो, तिथेच संपतं. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच भरपूर पाणी, बशीत साठलेलं लगेच ओतून द्या. मी तर कुंडी उचलून बघतो, हलकी लागली की पाणी, जड असली की नाही.

मुळं बघायची तर फांदीला दोन बोटांनी अगदी हलकं वर ओढा. धरून ठेवल्यासारखं वाटलं तर मुळं आलीत. साधारण 4 ते 8 आठवडे लागतात, थंड घरात जास्तही.

आणि बाहेर नका ठेवू. आजींचं झाड जुनं, जमिनीत, वर भिंतीची ऊब. कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी गारठा लागतो, एवढुशी मुळं एका रात्रीत गोठतात.

शिकागोची_सई:
पहिल्या दोन थंडीत माझी झाडं गेली होती म्हणून सांगते, कुंडी हीटरच्या झडपेवर किंवा रेडिएटरजवळ अजिबात नको. दक्षिणेची खिडकी असेल तर तीच द्या. आमच्याकडे गॅरेजला लागून एक गार खोली आहे, 50 फॅरनहाइटच्या आसपास असते, तिथे खिडकीत ठेवल्यापासून तिसऱ्या वर्षी जगलं. गरम घर आणि कमी उजेड असला की लांबलचक फिकट शेंडे येतात. हवा कोरडी असते म्हणून मी रोज पानांवर पाणी फवारते.

खुरपं_आणि_मी:
सई, फवारणं सोडून बाकी सगळं पटलं. बंद घरात हवा दमट राहिली, वारा नसला की भुरी येते, पानांवर पिठासारखं पांढरं. त्यापेक्षा दिवसातून तास-दोन तास लहान पंखा लावा आणि कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका.

कोथरूडची_बाग:
आमच्याकडे पुण्यात नेमकं उलटं आहे, रोझमेरीला थंडी फार मानवते, मरते ती पावसाळ्यात. जूनला कुंड्या पत्र्याखाली आत घेते नाहीतर ऑगस्टपर्यंत काही उरत नाही. मातीत अर्धी जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे घालते, शेणखत अगदी मूठभर.

ओलीमाती ताई, पुढच्या वेळी फांदी निवडताना शेंड्याची वीतभर घ्या, हिरवी पण फार लुसलुशीत नको, फूल नसलेली. पेराच्या जरा खाली धारदार कात्रीने कापा, खालची दोन-तीन इंच पानं काढून टाका, मातीत एकही पान गाडलं जायला नको, तिथूनच सड सुरू होते. नुसती वाळू किंवा परलाइट (पांढरे हलके खडे) आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या, विकतची माती फार ओल धरते. आणि जुनं लाकूड उघडं पडेल इतकं कधी छाटू नका, त्याला परत पालवी फुटत नाही.

ओलीमाती:
आत्ताच चारही ओढून बघितल्या! तिघींनी धरून ठेवलं. चौथी अलगद हातात आली, टोकाला पांढरी दोन मुळं, तांदळाच्या दाण्याएवढी. वास मात्र तोच, पायऱ्यांपाशी यायचा तो. माती आतून खरंच चिखल होती, वरून कोरडी दिसायची म्हणून मी घालत राहिले. चौथी परत लावू का? आणि बाहेर केव्हा काढायच्या?

खुरपं_आणि_मी:
लावा ना. पेन्सिलीने भोक पाडून मग ठेवा, दाबून खोचलंत तर ती मुळं मोडतील. परलाइट ओलसर करून त्यात लावा, वर पारदर्शक पिशवी सैल घाला, रोज थोडा वेळ उघडा. बाकी तिघींना मातीच्या छोट्या कुंड्या, खाली भोक हवंच. मोठी कुंडी नको, जास्तीची माती ओलीच राहते. खत मार्चपर्यंत नाही.

बाहेर काढायच्या त्या मेच्या मध्यावर, दंवाची भीती संपल्यावर. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांनी पूर्ण ऊन. एकदम उन्हात ठेवलंत तर पानं करपतात. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात रात्री 40 फॅरनहाइटच्या आसपास यायला लागल्या की परत आत. जमिनीत लावायचं असेल तर मे-जूनमध्ये लावा म्हणजे थंडीआधी मुळं खोल जातील, दक्षिणेच्या भिंतीशी, उतारावर, पाणी साठणार नाही अशा जागी.

शिकागोची_सई:
आणि एक झाड जमिनीत लावलंत तरी एक कुंडीत ठेवाच. आजींचं तेवढं बर्फात टिकत होतं म्हणजे बहुतेक आर्प जातीचं असावं, टेक्सासमधल्या आर्प गावात सापडलेली ही जात बाकीच्यांपेक्षा थंडी जास्त सोसते. मार्चमध्ये नवे शेंडे आले की फोटो टाका, मला बघायचेत.

ओलीमाती:
नक्की टाकते. पंखा लावलाय, कुंड्या हीटरपासून लांब नेल्या. मुलगी विचारतेय, आजींना फोन करून सांगू का की तीन लागल्या. म्हटलं उद्या सकाळी करू, त्यांच्याकडे आता उशीर झाला असेल.